उजवा कोपरा

थुंकी हे सगळ्यात चांगलं द्रावण.
कोमट, सौम्य, फुकट.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा
आणि मडमेच्या गालावरची दीडशे वर्षांची काजळी
टिपून घ्यायची, घासायची नाही.
ट्रस्टच्या लोकांना मी ‘एन्झाइम’ म्हणून सांगते.
थुंकीचा हिशेब या शहरात फार जुना आहे,
तो कशाला उकरा.

नाना पेठेतलं धर्मादाय इस्पितळ,
तळमजला, जुन्या केसपेपरांची खोली.
खिडकीशी टेबल, टेबलावर उताणं चित्र:
लंडनचं कुठलंसं दार, पायऱ्यांवर बर्फ,
दारात बाई, पाव पुढे केलेला,
खाली एक पोरगी, कडेवर तान्हं,
मागे रांग.
पितळी पट्टीवर नाव: दयेचं दार.
कुणा साहेबानं विलायतेला परत जाताना
खुर्च्या-कपाटांबरोबर ते लिलावात काढलं,
कुणा शेठनं घेऊन इस्पितळाला दिलं,
तेव्हापासून केसपेपरच्या खिडकीवर टांगलेलं.
त्याच्याखाली चार पिढ्या खोकल्या.
म्हणजे ही काजळीही तशी रांगेचीच,
स्टोव्हची, विड्यांची, फिनाइलच्या वाफेची.

पहिल्या आठवड्यात बाई उजळली.
हातमोजा पांढरा निघाला, पाव तांबूस.
पाव आणि पोरीची बोटं यांच्यात
चित्रकारानं केसाएवढी फट ठेवलीय.
पाव अजून दिलेला नाही.
दीडशे वर्षं देणं चालू आहे.

पोरीचे डोळे मला वाटले होते तसे नाहीत.
ती पावाकडे बघतच नाही.
बाईच्या मागे, आत, शेगडी पेटलीय,
तिकडे बघते.

खिडकीबाहेर खरी रांग.
‘कार्ड पिवळं की केशरी?’ खिलारे विचारतो.
‘केशरी.’
‘मग मोफत खाट नाही. पुढे.’
व्हार्निशही जुनं झालं की पिवळंच पडतं.
मी दिवसभर पिवळं काढत बसते
आणि भिंतीपलीकडे
पिवळं दाखवल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत.

बुधवारी ट्रस्टी आले, दुगड साहेब.
चष्मा वर करून वाकले.
‘वा! बाई छान निघाली हो, लक्ष्मीसारखी.’
मग रांगेवर बोट.
‘यांना मात्र एवढं धुऊ नका.
गरीब वाटले पाहिजेत.’
माणूस चांगला आहे.
दिवाळीला सगळ्या आयांना साडी देतो,
फोटो काढून.

गुरुवारी उजव्या कोपऱ्यात पोचले.
तिथं नुसता अंधार, मी बोळ समजत होते.
आधी एक अनवाणी पाय निघाला,
दुसऱ्या पायात मोठ्या माणसाचा बूट,
मग आठ-नऊ वर्षांचा पोरगा, रांगेतलाच,
तोंडावर तीन दिवसांचा उपास.
आणि कोटाच्या आत, काखेत दाबलेला
एक पाव.
आधीच मिळालेला. किंवा उचललेला.
पुन्हा रांगेत उभा, दुसऱ्यासाठी.

इतकी हसले की खिलारे डोकावला.

आमचा सिधा ताडीवाला रोडच्या शाळेत
सुकडीला दोनदा उभा राहायचा,
दुसऱ्यांदा शर्ट उलटा घालून.
आईला माहीत होतं.
वाढणाऱ्या बाईंनाही असणार.

बराच वेळ कोपरा नुसताच बघितला.
चित्र परत त्याच खिडकीवर लागणार,
खाली खिलारे,
बुधवारी दुगड साहेब, चष्मा वर करून.

मग टिपलेल्या काजळीत थोडं मेण कालवलं
आणि दोन बोटं जागा बुजवली, हलक्या हातानं,
पुढच्या कुणी पुसली तर निघेल अशी.
पाय ठेवला. बूट ठेवला.
उपासही ठेवला, तो चांगला जमलाय.

अहवालात लिहिलं:
उजव्या कोपऱ्यातला थर फार जुना आहे.
निघत नाही.